जुन्या शहाबादीवर सागवानी कपाट डुगडुगतं: पाय कापायचे की पॅकिंग द्यायचं?

तापीकाठ
चोपडा, जुनं घर, तळमजला. खाली काळी माती, तिच्यावर मुरमाची भर आणि वर दोन बाय दोन फुटांची शहाबादी फरशी. एका कोपऱ्यात मोरी, त्यामुळे खोलीला तिकडे उतार आहे.
कपाट सागवानी, साडेसहा फूट उंच, चार फूट रुंद, दोन फूट खोल. दोन दारं, उजव्या दाराला आरसा. चार पाय, प्रत्येक अडीच इंच चौरस, चार इंच उंच. पायांची बाहेरची कड कपाटाच्या कडेशी मिळती.
त्रास असा: दार उघडलं की कपाट पुढे डुगडुगतं. उजवं दार डाव्यापेक्षा खाली दिसतं आणि कडी लागत नाही. मिस्त्री म्हणतो एक पाय तासून टाकू. घरात लहान मुलं आहेत. भिंत जुनी, भेंड्यांची (मातीच्या कच्च्या विटांची), वरून सिमेंटचं प्लास्टर. काय करावं?

रंधा-पटाशी
पाय कापू नका. कापलेला पाय परत वाढत नाही. उद्या कपाट दुसऱ्या भिंतीला नेलं की तिथे नवा वांधा.
आधी दोन गोष्टी वेगळ्या करून घ्या: कपाट कललेलं आहे की डुगडुगतंय. जमीन सपाट पण उताराची असेल तर कपाट कलेल, डुगडुगणार नाही. जमिनीला पीळ असेल, म्हणजे चार जागांपैकी एक बाकीच्या तिघांच्या सपाटीत नसेल, तरच ते डुगडुगतं. दोन्हीचा इलाज पॅकिंगच, म्हणजे पायाखाली भर देणं, पण कुठे किती द्यायचं ते माप घेतल्याशिवाय कळत नाही. अंदाजाने पुठ्ठे सारणं म्हणजे रात्रभर खेळ.
डुगडुगण्याचा दुसरा तोटा लोकांच्या लक्षात येत नाही. चारातला एक पाय अधांतरी असला की सगळं वजन जवळपास कर्णावरच्या समोरासमोरच्या दोन पायांवर येतं. अख्खं सागवानी, २० मिमीच्या फळ्यांचं कपाट धरलं तर लाकूड साधारण पाव घनमीटर भरतं. सागाची घनता घनमीटरला ६५० किलोच्या आसपास, म्हणजे नुसतं लाकूडच दीडशे किलोच्या पुढे. भरलेलं अडीचशे धरा. चार पायांवर नीट बसलं तर पायाला साठ-बासष्ट किलो, दोन पायांवर बसलं तर सव्वाशे. जुनी शहाबादी मग तिथेच चिरते.

माप असं घ्या:
कपाट बाजूला काढा. पायांच्या चार जागांवर खडूने अडीच इंचाचे चौकोन आखा. बादलीत पाणी भरून खोलीच्या मधोमध स्टुलावर ठेवा. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल नळी घ्या, तिचं एक टोक बादलीत बुडवा आणि दुसऱ्या टोकाने ओढून पाणी चढवा. नळीत बुडबुडा राहता कामा नये, एक बुडबुडासुद्धा एक-दोन सुतांनी फसवतो (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). मोकळं टोक प्रत्येक चौकोनावर उभं धरा आणि फरशीपासून पाण्यापर्यंत टेपने मोजा. आकडा जास्त म्हणजे ती जागा खाली. बादलीचं तोंड मोठं असल्यामुळे नळी हलवताना थोडं पाणी सांडलं तरी पातळी बदलत नाही.
चार आकडे इथे टाका.

मेहरूण
जळगावच्या फ्लॅटात एवढी खटपट लागत नाही भो. व्हिट्रिफाइड टाइल असेल तर एक फुटाची स्पिरिट लेव्हल आणि सनमायकाचे तुकडे पुरतात.

रंधा-पटाशी
@मेहरूण, खरंय. पण टाइल पोकळ असेल तर फ्लॅटातही तीच गत. नाण्याने ठोकून बघायचं.

ओळंबा
मी गवंडीकामाच्या बाजूने बोलतो. माप घेण्याआधी फरशी वाजवा. हातोडीच्या लाकडी दांड्याने किंवा जड नाण्याने प्रत्येक लादीच्या चार कोपऱ्यांवर आणि मधे. भरीव लादी खणखणीत वाजते, पोकळ लादीचा आवाज बद्द येतो. पाय जिथे येणार त्या लादीवर बद्द आवाज आला तर वर कितीही चोख पॅकिंग द्या, वजन पडल्यावर लादी अजून बसणार आणि तुमचा हिशेब चुकणार.
दुसरं, पाय दोन लाद्यांच्या सांध्यावर येऊ देऊ नका. सांध्यावर पाय आला की अर्धं वजन एका लादीच्या कडेवर पडतं आणि ती कड तुटते. कपाट चार-सहा इंच सरकवता येत असेल तर सरकवा.
काळ्या मातीचा मुद्दा वेगळा. आपल्याकडची कपाशीची जमीन उन्हाळ्यात भेगाळते, हात जाईल एवढ्या भेगा, आणि पावसाळ्यात फुगते. त्या मातीतली मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती पाणी पिऊन फुगते, सुकली की आकसते. जुन्या घरात मुरमाची भर कमी असली तर फरशी मातीबरोबर वर-खाली होते. बाहेरच्या भिंतीजवळ जास्त, कारण पाणी तिथून शिरतं. म्हणून मे महिन्यात केलेलं लेव्हल श्रावणात तसंच राहील असं धरू नका. आत्ता करताना पुढे बदलता येईल असंच करा.

तापीकाठ
मोजलं. फरशीपासून पाण्यापर्यंत:
मागचा डावा १८ इंच
मागचा उजवा १८ इंच २ सूत
पुढचा डावा १८ इंच ३ सूत
पुढचा उजवा १८ इंच ७ सूत
पुढच्या उजव्याची लादी बद्द वाजते. मोरी त्याच बाजूला. बाकी तीन खणखणीत.

रंधा-पटाशी
आता हिशेब सोपा.
मागचा डावा सगळ्यात उंच, तो शून्य धरा. पॅकिंग कायम उंच जागेपासून मोजायचं, खालच्या जागेपासून नाही. उंच पायाखाली काही काढता येत नाही, खालच्याला भरता येतं.
फरशी नुसती उताराची असती तर पुढचा उजवा कोपरा किती खाली असता? २ अधिक ३, म्हणजे ५ सूत. तुमचा ७ आहे. हे जादाचे २ सूत म्हणजे पीळ, तेवढंच कपाट डुगडुगतंय. उजवं दार खाली येण्याचं कारणही तेच. मिस्त्रीने पाय तासून डुगडुगणं थांबवलंही असतं, पण कपाट पुढे कललेलंच राहिलं असतं.
किती कललं ते बघा. डाव्या बाजूला पुढे ३ सूत उतार, उजव्या बाजूला ५ सूत. सरासरी ४. पुढच्या आणि मागच्या पायाच्या मध्यात अंतर साडेएकवीस इंच. कपाट ७८ इंच उंच, म्हणजे साडेतीन पटींच्या वर. खाली ४ सूत तर माथ्याला साडेचौदा सूत, पावणेदोन इंचाच्याही वर. एवढं कपाट पुढे झुकलेलं, त्यात आरशाचं दार उघडलं की वजन आणखी पुढे. लहान मूल खालच्या कप्प्यावर पाय देऊन चढलं तर ते उलटायला वेळ लागत नाही. म्हणून आज-उद्या करू नका. तोवर वरचे कप्पे रिकामे करा आणि जड सामान सगळ्यात खाली ठेवा.

ओळंबा
ती बद्द वाजणारी लादी आधी काढा. तिच्यावर पॅकिंग म्हणजे पैसे मातीत.
लादी काढायला सांध्यातलं सिमेंट छिन्नीने खरवडा, पहार कडेला न लावता सांध्यातून सरकवा, नाहीतर कोपरा उडतो. खालची ढिली माती काढा, निदान सहा इंच. आत ओल आहे का बघा. मोरीचा पाइप किंवा सांधा गळत असेल तर आधी तो. ती गळती असेपर्यंत खालचं सगळं परत खचणार. मग मुरूम तीन-तीन इंचांच्या थरांत, पाणी मारून, धुम्मसने (जमीन ठोकायच्या जड ठोकण्याने) ठोकून. वर तीन इंच काँक्रीट, १:४:८ (सिमेंट, वाळू, खडी). मग सिमेंट-वाळूचा १:६ चा इंचभर माल टाकून लादी बसवा, शेजारच्या लाद्यांशी दोरीने मिळवा. सात दिवस ओलं ठेवा, त्यात कपाट उभं करू नका.
लादी वर आली की पुढच्या उजव्याचा आकडा बदलेल, परत मोजा. शेजारच्या लाद्यांशी जुळवली तर ५ सुतांच्या आसपास येईल. पीळ जातो, उतार राहतो.

अकराणी
आमच्याकडे धडगावच्या बाजूला बऱ्याच घरात सारवलेली जमीन. तिथे लादीच नाही. मग?

ओळंबा
@अकराणी, तिथे प्रत्येक पायाखाली कडाप्प्याचा किंवा शहाबादीचा नऊ इंच चौरस तुकडा, निदान सव्वा इंच जाड. जमीन तेवढी खोदून खाली मुरूम ठोका आणि तुकडा जमिनीच्या पातळीत बसवा. लाकडी खांबाखाली तळखडा असतो ना, तसंच. अडीच इंचाच्या पायाचं क्षेत्र सव्वासहा चौरस इंच, नऊ इंचाच्या तुकड्याचं ८१. जमिनीवरचा दाब तेराव्या हिश्श्यावर येतो. नुसत्या सारवलेल्या जमिनीवर पाय महिन्याभरात रुततो, शिवाय सारवताना दर वेळी तिथलं लाकूड भिजतं.

पांझराकाठ
एवढं लांबण कशाला? पायाखाली सिमेंटचा गोळा ठेवा, कपाट त्याच्यावर टेकवा, लेव्हल बघा, सुकलं की झालं. धुळ्याला सगळे असंच करतात.

रंधा-पटाशी
@पांझराकाठ, सगळे करतात म्हणून पायाचं लाकूड सडायचं थांबत नाही. ओल्या सिमेंटमधलं पाणी पायाच्या उघड्या टोकातून सरळ वर चढतं. लाकडाच्या टोकाकडून पाणी शोषलं जातं तेवढं बाजूने नाही. मग सिमेंट सुकताना आकसतं, पाय एका कडेवर टेकतो. आणि ओळंब्यांनी सांगितलं तसं फरशी श्रावणात हलली की तो गोळा काढणार कसा? छिन्नीने, कपाटाखाली आडवं होऊन?
घट्ट घडी घातलेला पेपर, पुठ्ठा, पोत्याचा तुकडा, हेही नको. दबतं, ओल धरतं, आणि वाळवीला तर आमंत्रणच. नाणीही नकोत, घसरतात.

पांझराकाठ
बरं, सिमेंट नको. पण प्लॅस्टिकचा कागद मधे ठेवला तर पाणी चढत नाही.

रंधा-पटाशी
तो ठेवला तर पाणी थांबेल, हे मान्य. फरशी हलल्यावर काढायचा प्रश्न तसाच राहतो. म्हणून सुकी पॅकिंग.

@तापीकाठ, आता पॅकिंगची यादी, आत्ताच्या आकड्यांवर. लादी बसवल्यावर पुढच्या उजव्याचा आकडा बदला.
कपाट अगदी सरळ उभं करण्यापेक्षा माथा जरा मागे, भिंतीकडे कलता ठेवा. पुढच्या दोन्ही पायांना हिशेबापेक्षा एक सूत जादा. वर तेवढ्याने साडेतीन सूत मागे जातं, अर्ध्या इंचाच्या आत. दारं आपोआप उघडत नाहीत. याहून जास्त मागे नका नेऊ, दारं उघडी राहायची बंद होतात आणि कप्प्यातलं सामान मागे घसरतं.
मागचा डावा: ०
मागचा उजवा: २ सूत, ६ मिमी प्लाय
पुढचा डावा: ३+१ = ४ सूत, १२ मिमी प्लाय आणि सनमायकाचा एक तुकडा
पुढचा उजवा: ७+१ = ८ सूत, १९ मिमी आणि ६ मिमी प्लाय एकावर एक. लादी उचलल्यावर ५ आला तर ५+१ = ६ सूत, नुसता १९ मिमीचा एक तुकडा.
प्लाय मरीन घ्या, आयएस ७१० छाप असलेली. साधी प्लाय पाण्याने उकलते. तुकडे चार इंच चौरस, म्हणजे अडीच इंचाच्या पायाच्या चारी बाजूंना पाऊण इंच राखा. पायाएवढाच तुकडा कापला तर पाय थोडा सरकला की तुकड्याच्या कडेवर येतो आणि प्लायचा कोपरा पापुद्र्यासारखा सुटतो. कडांना कोट मारा, मेलामाइन असो की ऑइल पेंट, पण उघडी कड ठेवू नका.
चारही पायांखाली, शून्याच्या पायाखालीसुद्धा, सगळ्यात खाली १ मिमी सनमायका, गुळगुळीत बाजू फरशीकडे. फरशी पुसताना आलेलं पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. चारी पायांना सारखीच दिल्यामुळे हिशेबही बिघडत नाही. एकावर एक दोन तुकडे असतील तर मधे फेव्हिकॉलने चिकटवा, फरशीला काही चिकटवू नका.

गुण्या
एक गोष्ट घालतो. लेव्हलिंग झाल्यावर प्रत्येक पायाखाली पोस्टकार्डाची कड सरकवून बघा, चारही बाजूंनी. कार्ड कुठूनही आत गेलं तर त्या बाजूला पाय टेकलेला नाही. मागच्या डाव्या पायाखाली हे नक्की करा. जुन्या कपाटांचे पाय कधीकधी तळाला गोल झालेले असतात, वजन मधल्या रुपयाएवढ्या जागेवर येतं. तसं असेल तर पायाचा तळ रंध्याने सपाट करा. कापणं नाही, फक्त तळ सपाट, एक-दीड सूत. आणि चारही पायांचं एकदम करू नका, हवा तेवढाच पाय.

भुसावळ_जंक्शन
पाचर ठोकली तर? सुतारकामात पाचरीशिवाय काम होतं का?

रंधा-पटाशी
पाचर मापायला छान. पायाखाली हलकी सरकवा, जिथे अडेल तिथे पेन्सिलीने खूण करा, त्या खुणेवरची जाडी म्हणजे तुमचं पॅकिंग. कायमची ठेवायला एकटी पाचर वाईट. ती पायाला एका कडेवर उचलते, तिथे पाय चिरतो, आणि कपाट हललं की पाचर मागे सरकते. ठेवायचीच असेल तर दोन, एकमेकींच्या समोरून, म्हणजे वर-खाली दोन्ही पृष्ठं समांतर राहतात. उतार दहाला एकपेक्षा जास्त नको, म्हणजे दहा इंच लांबीला एक इंच जाडी. तरी माझं मत सपाट पॅकिंगचंच.

तापीकाठ
लेव्हलिंगचे स्क्रूचे पाय मिळतात बाजारात, ते बसवले तर दर वेळी प्लाय कापायची भानगड नाही ना?

गुण्या
चालतात, आणि काळ्या मातीच्या घराला खरं तर तेच सोयीचे. पण पद्धत हवी.
पायाच्या तळाला सरळ भोक पाडून टी-नट (लाकडात ठोकून बसवायचा दातेरी नट) ठोकू नका. लाकडाच्या टोकाकडून ठोकलेलं टी-नट सुटतं, आणि जुना सागवान उभा फाटतो. त्यापेक्षा ५ मिमी जाडीची दोन इंच चौरस पट्टी घ्या, मधे एम१० चा नट वेल्डिंग करून, चार कोपऱ्यांना स्क्रूची भोकं. नटाला बसेल एवढं भोक पायात पाडून पट्टी तळाला पक्की करा. भोक अशा खोलीचं ठेवा की बोल्टचं टोक आत लाकडाला टेकणार नाही. बोल्टच्या खाली तीन इंच व्यासाची थाळी पाहिजेच. त्याशिवाय अडीचशे किलोंचा चौथा हिस्सा बोल्टच्या टोकाएवढ्या जागेवर येतो आणि शहाबादीला खड्डा पडतो.
बोल्ट बाहेर आलेला भाग एक इंचाच्या वर नको. त्यापुढे गेला की तो पाय बाजूने धक्का सोसत नाही. तुमचे पुढच्या उजव्याचे ८ सूत बोल्टने एकट्याने भरू नका. तिथे १९ मिमी प्लाय ठेवा, उरलेलं बोल्टने. शेवटी चेक-नट, म्हणजे बोल्ट फिरू नये म्हणून लावायचा दुसरा नट, घट्ट करा, नाहीतर कपाटाच्या कंपनाने आपोआप फिरतो.

मेहरूण
आणि वजन असताना फिरवू नका. पहारीने जरा उचलून मग फिरवा, नाहीतर पट्टीचे स्क्रू उखडतात.

भुसावळ_जंक्शन
उचलायचं कसं तेही सांगा. आमच्या गल्लीत एकाच्या बोटावर कपाट आलं होतं, म्हणून विचारतो.

रंधा-पटाशी
रिकामं करूनच. दारं काढता आली तर काढा, निदान आरशाचं दार. ४ मिमी आरसा म्हणजे चौरस मीटरला दहा किलो, पाच फूट बाय सव्वा फूट आरसा साधारण सहा किलो होतो. वजन फार नाही, पण कपाट पिळलं की पहिला आरसाच जातो.
पाच फुटी पहार घ्या. टोकापासून चार इंचांवर टेकू म्हणून बाभळीचा किंवा सागाचा ठोकळा, खाली फळी, म्हणजे फरशी फुटत नाही. हाताकडची बाजू छप्पन इंच, टोकाकडची चार, म्हणजे जोर चौदापट. रिकाम्या कपाटाची एक बाजू ऐंशी किलो धरली तरी हाताला पाच-सहा किलोच लागतात. पहारीचं टोक पायाला लावायचं नाही, तळाच्या आडव्या चौकटीला लावायचं, मधे लाकडाचा तुकडा. एका वेळी अर्धा इंच. उचललं की लगेच शेजारी ठोकळा सारायचा, मगच पुढे. पॅकिंग बोटाने नाही, दीड फुटी पट्टीने ढकलायचं. पहार धरणारा आणि पॅकिंग सारणारा दोन वेगळी माणसं, आणि सोडायच्या आधी "सोडतो" म्हणायचं.
ओढायचं झालं तर बारदानावर ठेवून दोघांनी खालून ढकलायचं, वरून धरून नाही. शहाबादीच्या सांध्यावर बारदान अडकतं, तिथे उचलून पुढे.

तापीकाठ
भिंतीचं राहिलं. भेंड्यांची भिंत, त्यात प्लग धरेल का?

ओळंबा
नाही. मातीत रावळ प्लग फिरतो. वरचं सिमेंट प्लास्टर इंचभर असतं, ते पापुद्र्यासारखं सुटतं. आज घट्ट वाटेल, कपाट झुकलं की प्लास्टरासकट बाहेर. पक्क्या विटेच्या भिंतीला १० मिमी प्लग, प्लास्टर सोडून विटेत निदान दोन इंच, विटांच्या सांध्यात नाही, विटेच्या मधे. तुमच्याकडे ते नाही.
धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात भिंतीत लाकडी खांब असतात. भिंत ठोकत गेलात की आवाज बदलतो, किंवा वर बघा, तुळईचं टोक जिथे बसलंय तिथे खांब असणार. दोन खांब मिळाले तर त्यांच्यावर कपाटाच्या माथ्याच्या उंचीला आडवी तीन बाय दोनची सागवानी पट्टी, प्रत्येक खांबात दोन चार-इंची स्क्रू. कपाट या पट्टीला बांधायचं. खांब आत पोखरलेला नाही ना बघून घ्या, पटाशीचं टोक दाबलं तर रुतायला नको.
खांब नसतील तर कपाटाच्या माथ्याच्या पुढच्या चौकटीत दोन आय-बोल्ट, तिथून मागे-वर जाणाऱ्या दोन साखळ्या, भिंतीजवळच्या छताच्या लाकडी कडीला पक्क्या. कपाट पुढे जायला लागलं की साखळी ताठ होते. माथ्याच्या मागच्या कडेला बांधून सरळ वर नेलेली साखळी फारसं धरत नाही.

गुण्या
पट्टीला बांधताना एक बारकावा. एल-क्लॅम्पच्या भिंतीकडच्या पात्यात गोल भोक नको, उभं लांबट भोक हवं, इंचभर. स्क्रूखाली वॉशर, घट्ट करून अर्धा फेरा मागे. कपाट फरशीबरोबर वर-खाली होऊ द्यायचं, पुढे येऊ द्यायचं नाही. गोल भोकात घट्ट आवळलं तर पावसाळ्यात फरशी फुगली की स्क्रू तरी उखडतो, नाहीतर कपाटाची चौकट पिळते आणि दारं परत अडकतात.
आणि क्लॅम्प कपाटाच्या सागवानी चौकटीत, पाठीच्या प्लायमध्ये नाही.

अकराणी
पाठ भिंतीला चिकटवायची का?

गुण्या
नाही, दोन इंच जागा. जुन्या मातीच्या भिंतीत पावसाळ्यात ओल चढते, कपाटाची पाठ भिंतीला लागलेली असली की बुरशी आतल्या कपड्यांपर्यंत येते. खाली स्कर्टिंग असलं तर ते तळाला तसंही बाहेर ढकलतं. कूलर त्याच खोलीत असेल तर त्याचं तोंड कपाटाकडे नको. मे महिन्यात जळगाव-भुसावळला ४५ अंशांच्या पुढे पारा, बाहेर कोरडं खडखडीत आणि कपाटावर दिवसभर ओली हवा, एक फळी एका बाजूने फुगते आणि वाकते.

पांझराकाठ
दारं अडकतात तर रंधा मारू का, हे बऱ्याच जणांचं. ह्यावर बोला कोणीतरी.

गुण्या
लेव्हल होईपर्यंत दाराला रंधा लावायचा नाही. समोरून बघा, दोन दारं जिथे भेटतात तिथे जे दार खाली दिसतं त्या बाजूचा पुढचा पाय खाली आहे. तो उचला, दारं मिळतात. @तापीकाठ यांचं उजवं दार खाली आणि पुढचा उजवा पायच ७ सूत, बरोबर जुळतं.
पाय बरोबर करूनही दार खालीच असेल तर टेपने कपाटाच्या तोंडाचे दोन्ही कर्ण मोजा. दोन सुतांच्या आत फरक म्हणजे चौकट ठीक, मग बिजागरी बघा, वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले असतात. जुन्या भोकात बांबूची काडी फेव्हिकॉल लावून ठोका, एक दिवस सुकू द्या, मग स्क्रू.
आणि पावसाळ्यात अडकणारं दार पावसाळ्यात रंधू नका. सागवान कमी फुगतं, पण फुगतं. श्रावणात रंधलेलं दार चैत्रात फटीतून दिसतं.

भुसावळ_जंक्शन
खांदेशी भाषेत सांगू का, कपाट हालस ना भो, तर आधी फरशी बघा!

तापीकाठ
लादी काढली. खाली ओल होती, मोरीच्या पाइपाचा सांधा गळत होता. तो बदलतोय. दिवाणाचंही विचारून घेतो. सहा बाय साडेतीन, आत सामान ठेवायची जागा, मधे पाचवा पाय. तो हलतो.

रंधा-पटाशी
मधला पाय सगळ्यात शेवटी. आधी चार कोपरे लेव्हल करा, मधला पूर्ण मोकळा ठेवून. मग रिकाम्या दिवाणाखाली मधल्या पायात पोस्टकार्ड जेमतेम सरकेल एवढं पॅकिंग द्या. मधला पाय घट्ट बसवला तर वजन पडल्यावर दिवाण त्याच्यावर तोलला जातो आणि कोपरे उचलतात, करकर तिथूनच येते. जेमतेम फट राहिली तर माणूस झोपल्यावर फळी वाकून पाय टेकतो. दिवाणाला भिंतीला बांधायची गरज नाही. पायांखाली सनमायकाऐवजी रबराची चकती द्या, कारण दिवाण सरकतो.

ओळंबा
आणि लादी बसवल्यावर सात दिवस झाले की कपाट रिकामं उभं करा, दोन दिवसांनी परत नळीने मोजा, मग भरा. नव्या भरावाच्या लादीवर पहिल्या वर्षी श्रावणात एकदा आणि वैशाखात एकदा पोस्टकार्ड फिरवायचं. एक-दोन सुतांचा फरक निघाला तर सनमायकाचे तुकडे काढायचे-घालायचे, त्यासाठी दहा-बारा तुकडे आत्ताच चार इंच चौरस कापून खालच्या खणात ठेवून द्या.